माकड की वानर? नारळ कोणी पाडला ते आधी बघा

गोव्यात सत्तरी असो, सांगे असो नाहीतर काणकोण, कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) नुकसान झालं की एकच वाक्य, "माकडांनी खाल्लं." अहो पण कुठल्या? ही दोन वेगळी जनावरं आहेत, नुसती दिसायला नाही तर पोटानं आणि घरसंसारानंही, आणि एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

ओळखायला सोपं आहे. दूधसागरला तुमच्या हातातलं चिप्सचं पाकीट हिसकावतं ते माकड, तपकिरी अंग, गुलाबीसर तोंड, टाळूवरून चहूकडे पसरलेले केस. काळं तोंड, राखाडी अंग, लांबच लांब शेपूट आणि सकाळी हुप्प हुप्प करत झाड हलवतो तो वानर, आपल्या घाटातल्या वानराचे तर हातपायही काळपट.

खरा फरक पोटात. वानर मुळात पाला खाणारा. त्याच्या पोटाला गायीसारखे कप्पे असतात, तिथे जिवाणू पाला आंबवतात, म्हणून पानं, कळ्या, कच्ची फळं यावर त्याचं आरामात भागतं, उलट गोड बिस्किटं नि ब्रेड त्याच्या पोटाला मानवतच नाही (देवळाबाहेर प्रेमानं भरवणाऱ्यांनी हे वाचावं). माकडाला असलं पोट नाही, त्याला गालात पिशव्या आहेत. काजूच्या बागेत घुसलं की आधी दोन्ही गाल कोंबून घेतं, कुत्रा भुंकला की पळतं आणि मग लांब गडग्यावर बसून हातानं गाल दाबत दाबत एकेक घास तोंडात आणून निवांत चावतं. फळं, बिया, किडे, पक्ष्यांची अंडी, आपला कचरा, त्याला काहीही चालतं.

आता घरसंसार. दोघांतही माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात आणि नर बाहेर पडतात. पण माकडांच्या टोळीत मोठे नर बरेच असतात आणि ते एकमेकांना सांभाळून घेतात, खेटून बसतात, केस विंचरतात. वानरांत बहुतेक ठिकाणी एक हुप्प्या आणि त्याच्या माद्या, बाकीचे नर वेगळं टोळकं करून संधीची वाट बघत हिंडतात. संधी मिळाली की जुन्या हुप्प्याला हाकलतात आणि कधीकधी नवा हुप्प्या अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. हे आपल्या घाटापलीकडे धारवाडला सुगियामा या जपानी शास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात टिपलं होतं. पुढे सारा हर्डी ही अमेरिकन शास्त्रज्ञ १९७१ पासून माउंट अबूला वानरांच्या मागे फिरली, ती आली तेव्हा समज असा की गर्दीमुळे डोकं फिरून हे होतं, पण तिचं निरीक्षण वेगळंच निघालं, पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते आणि नव्या नराचा वंश पुढे जातो. यावर बरीच वर्षं वाद झाला. मला त्यातला माद्यांचा भाग जास्त भारी वाटतो, त्या वेगवेगळ्या नरांशी जुळतात, म्हणजे पिल्लू कोणाचं हे नराला कळतच नाही आणि ते वाचायची शक्यता वाढते.

पण माकड म्हणजे असं नि वानर म्हणजे तसं हे दगडावर कोरलेलं नाही हं. माकडांचे अभ्यासक अनिंद्य सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कर्नाटक-तामिळनाडू सीमेवरच्या बंदीपूर-मुदुमलै जंगलाच्या रस्त्याकडेला, जिथे टुरिस्ट खायला टाकतात तिथे, एकच मोठा नर असलेल्या माकडांच्या टोळ्या दिसल्या, म्हणजे आपल्या फेकलेल्या खाऊनं त्यांच्या घराची रचना बदलली. त्याच बंदीपूरची माकडं माणसाकडे बघत हात पुढे करून, बारीक 'कू' आवाज काढून खायला मागतात, यावर २०१८ मध्ये शोधनिबंध आलाय.

म्हणून माझं मत, माकडाचा त्रास असेल तर आधी कचराकुंडी आणि टुरिस्ट बघा, तो खाऊ चालू राहिला तर फटाके फोडून काही होणार नाही, दोन दिवसांत त्यांना सवय होते. वानर आडसरं (कोवळे नारळ) फोडतोय तर बागेला लागून जंगलाच्या फांद्या कुठून येतात ते बघून मधली वाट तोडा, तो जमिनीवरूनही येतो पण उघड्यावर बिचकत येतो.

एका बाबतीत मात्र दोघांत फरक करू नका, माकडताप. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडलेला हा आजार २०१५ पासून सत्तरीतही आहे, गोचिडीमुळे पसरतो आणि त्यानं माकडंही मरतात, वानरंही. काजूच्या दिवसात बागेत कुठलंही मेलेलं दिसलं तर हात लावू नका, पोरांना नि कुत्र्याला लांब ठेवा आणि लगेच वनखात्याला किंवा जवळच्या आरोग्य केंद्राला कळवा.