पायरीवाली की बिनपायरीची?

महोगनीच्या फळ्या, आरशासारखं वार्निश, आत विमानाचं इंजिन. गार वुडची ‘मिस अमेरिका’ आणि जॉर्ज क्राउच यांनी आखलेली ‘बेबी बूटलेगर’ या शर्यतीच्या दोन मोटरबोटी पाण्यात उभ्या असल्या की एकाच घरच्या वाटतात. लांबीवरूनही ओळखू जाऊ नका: पहिली साधारण 26 फूट, दुसरी जवळजवळ 30. फरक आहे तळाला.

1920 साली इंग्लंडात काउजला मोटरबोटींच्या शर्यतीचा हार्म्सवर्थ चषक जिंकणाऱ्या मिस अमेरिकेच्या तळाला आडवी पायरी होती, म्हणजे तळ मध्येच तुटून थोडा वर चढलेला. वेगात पाणी पायरीच्या धारेवरून सुटतं, मागे हवेची पोकळी होते आणि बोट दोनच जागी टेकते: पायरीपुढचा पट्टा आणि अगदी मागचं टोक. लाकूड कमी भिजतं, घर्षण घटतं. मात्र त्या पोकळीत बाजूंनी हवा शिरायलाच हवी. नाही शिरली तर पाणी तळाला चिकटतं आणि बोट मागे खेचली जाते. डागडुजीत धार घासून गोल झाली तरी तेच, त्यामुळे तिथे पॉलिशपेपर जपून चालवावा. हळू चालताना पायरी म्हणजे निव्वळ अडथळा. आणि वजन जरा जास्त मागे गेलं, की बोटीचं नाक वर-खाली आपटू लागतं.

बेबी बूटलेगरचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा, पुढून मागेपर्यंत अखंड. 1922 पासून अमेरिकेतल्या गोल्ड कप या मोटरबोटींच्या शर्यतीने पायऱ्यांवर बंदी घातली आणि इंजिनाला 625 घन इंचांची, म्हणजे सव्वादहा लिटरांची, मर्यादा लावली. ही बोट त्या नियमांत बसवलेली. पायरी नाही म्हणून ती पाणी कापत जाते असा समज असतो, तो चूक. तीही वेगात उचलली जाऊन पाण्यावर घसरते, फक्त एकाच पट्ट्यावर.

बोट ट्रेलरवर असेल तर बाजूने, तळ आणि कूस (बोटीची उभी बाजू) जिथे मिळतात त्या कडेवर नजर फिरवा. कड मध्येच तुटून वर चढली, तर पायरी.

आता खरा घोळ. 1924 च्या गोल्ड कपमध्ये हॅरी ग्रीनिंग यांची ‘रेनबो 4’ पहिली आली. तिची आखणीही क्राउच यांचीच. तळाच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या होत्या, आणि त्यांच्या कडा लांबीच्या दिशेने न जाता आडव्या. कागदावर पायरी एकही नाही. पाण्याच्या दृष्टीने मात्र बारीक पायऱ्यांची रांगच. हरकत घेतली गेली, बोट बाद झाली आणि चषक बेबी बूटलेगरकडे गेला.