गुडघा आत पडतो तेव्हा

परवा बहिणीने व्हॉट्सअॅपवर तीन फोटो पाठवले. तिन्ही फुटबॉल क्लबांची पत्रकं. भाची बारा वर्षांची आहे, शाळेच्या संघात खेळते, आणि आता तिला ‘खरा’ क्लब हवा आहे. जुलै २०२५ मध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषकाची पात्रता मिळवली, तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. पत्रकांवर करंडकांच्या रांगा, टर्फवरचे दिवे, महिन्याची फी, आणि एका पत्रकावर चक्क ‘परदेशी पद्धतीचे प्रशिक्षण’. खाली बहिणीचा मजकूर: ‘दादा, तू फिजिक्सवाला. सांग ना, यातला कोणता?’

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. क्लब निवडण्याशी त्याचा काय संबंध, असं लिहिणारच होतो. तेवढ्यात आमच्या गल्लीतली पंधरा वर्षांची पोर आठवली.

गेल्या हिवाळ्यात सामन्यात तिने हेडरसाठी उडी मारली. चेंडू डोक्याला लागला, ती एका पायावर खाली आली, गुडघा आत वळला, आणि ‘कट्’ असा आवाज आला. तो आवाज तिने स्वतः ऐकला. आजूबाजूला कोणी नव्हतं, कोणी धक्का दिला नव्हता. संध्याकाळपर्यंत गुडघा नारळाएवढा झाला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधणारी एक दोरी, तुटलेली. आता कोणी हातही लावला नाही आणि एवढं झालं म्हटल्यावर गल्लीत दोन निदानं लगेच तयार झाली. आजी म्हणाली, नजर लागली; दुसऱ्या पायात काळा दोरा आला. समोरचे काका म्हणाले, “पोरींचं शरीरच नाजूक असते जी, काहून खेळवता?”

दोन्ही निदानांचा दोष एकच. कारण नजरेत असो की नाजूकपणात, आपल्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. (काकांचा विचार तसा जुना आणि विलायती आहे. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले होते. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ बायकांना मानवत नाही असं ठरवून त्यांना आपल्या क्लबांची मैदानं बंद केली. ती बंदी उठायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली. काळा दोरा निदान कोणाला मैदानाबाहेर काढत नाही.)

तर त्या गुडघ्यात झालं काय?

मांडीचं हाड नडगीच्या हाडावर जवळजवळ सपाट जागेवर टेकलेलं असतं. खांद्यासारखी किंवा खुब्यासारखी खोल वाटी तिथे नाही. हाडं एकमेकांवरून घसरू नयेत म्हणून चार मुख्य लिगामेंट, म्हणजे अस्थिबंध, त्यांना बांधून ठेवतात. त्यांतले दोन सांध्याच्या आत एकमेकांना फुलीसारखे छेदतात. पुढचा तो एसीएल. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. काम दोन: नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि आत पिळू द्यायची नाही. प्रयोगशाळेत तरुण माणसाचा एसीएल ताणून बघितला तेव्हा तो सुमारे २,१०० न्यूटनला तुटला. नागपूरच्या कळमना बाजाराच्या भाषेत दोन क्विंटलांहून थोडं जास्त. करंगळीएवढ्या दोरीला हे पुष्कळ झालं. पण खाली येणारं शरीर त्याहून भारी पडू शकतं.

आता गणित, मला इथे थांबवू नका. भाची तीस सेंटिमीटर उंचीवरून खाली आली असं धरू. पाय टेकल्यावर शरीर थांबायला जेवढं अंतर मिळेल, त्यावर जोर ठरतो. सरासरी जोर = वजन × (१ + उडीची उंची ÷ थांबण्याचं अंतर). पाय काठीसारखे ताठ ठेवून ती पाच सेंटिमीटरमध्ये थांबली, तर कंसात १ + ६, म्हणजे वजनाच्या सातपट. तीच पोर गुडघे आणि कंबर वाकवून पंचवीस सेंटिमीटर खाली बसत थांबली, तर १ + १.२, म्हणजे सव्वादोनपट. पोर तीच, उडी तीच, मैदान तेच. फरक फक्त वाकण्याचा.

हा झाला खालून वर येणारा जोर. तो गुडघ्याच्या मधोमध गेला तर हाडं तो सोसतात. पण गुडघा आत पडला, म्हणजे पाऊल बाहेर राहिलं आणि गुडघा दुसऱ्या गुडघ्याकडे झुकला, तर जोराची रेषा गुडघ्याच्या बाजूने जाते. बळ गुणिले अंतर, म्हणजे आघूर्ण, हे आपण नववी-दहावीत कुठेतरी पाठ करून विसरलो. पंचेचाळीस किलोच्या मुलीवर वजनाच्या तिप्पट जोर धरला तर सुमारे १,३५० न्यूटन. गुडघा त्या रेषेपासून फक्त चार सेंटिमीटर आत असेल तर आघूर्ण ५४ न्यूटन-मीटर. एक मीटर लांब काठी आडवी धरा आणि टोकाला साडेपाच किलो संत्र्यांची पिशवी टांगा. मनगटाला जो पीळ बसेल, तेवढा गुडघ्याला, तोही आडवा, जिकडे वाकायची त्याची रचनाच नाही. शिवाय गुडघा ताठ असताना मांडीच्या पुढचा दणकट स्नायू गुडघ्यावरच्या वाटीच्या दोरीने नडगीला पुढे खेचतो. तिला मागे ओढणारा मागचा स्नायू, खेळाडू ज्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात तो, ताठ पायात नीट पकड घेऊ शकत नाही. आपलाच एक स्नायू आपल्याच लिगामेंटवर उठतो, आणि बाजूचा पीळ त्याला साथ देतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग: वेळ. नॉर्वेतल्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या महिलांच्या अशाच दहा अपघातांची चित्रफीत अनेक कोनांतून, चौकट-चौकट करून तपासली. पाय जमिनीला टेकल्यापासून साधारण ४० मिलिसेकंदांत लिगामेंट गेलेलं होतं. सेकंदाचा पंचविसावा भाग. गुडघ्यात बिघडलंय ही बातमी मज्जातंतूंनी पाठीच्या कण्यापर्यंत जायची, तिथून हुकूम परत मांडीपर्यंत यायचा. जाऊन-येऊन सव्वा मीटरचा प्रवास. सेकंदाला पन्नास मीटरचा वेग धरला तरी २५ मिलिसेकंद. हुकूम पोचल्यावरही स्नायूत खरा ताण भरायला आणखी बरेच मिलिसेकंद जातात. मेंदूला विचारून करायचं म्हटलं तर दीडशे-दोनशेच्या खाली काही होत नाही. (व्हरायटी चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर मागच्याचा हॉर्न तेवढा याला अपवाद आहे.) तात्पर्य, पाय टेकल्यानंतर सावरणं शक्यच नाही. हॅमस्ट्रिंग आणि कुल्ह्याचे स्नायू पाय टेकायच्या आधीच, हवेत असतानाच आवळलेले हवेत. मेंदूला जमीन कधी आणि कशी येणार याचा अंदाज बांधून आगाऊ हुकूम सोडावा लागतो. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटतं आणि ती असते, तेव्हा जो हिसका बसतो ना, तो याच आगाऊ हुकुमाच्या चुकीचा.

हा अंदाज जन्मतः मिळत नाही. तो हजारो उड्या मारून बसतो.

मग मुलींचाच गुडघा जास्त का जातो? फुटबॉलमध्ये मुलींना हा धोका मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो, हे खरं आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकाला लिया विल्यमसन, बेथ मीड आणि विवियाना मिडेमा या तिघी, तेव्हा आर्सेनल या एकाच इंग्लिश क्लबच्या, एसीएलमुळे मुकल्या. रुंद कंबर, पाळीच्या चक्रातले संप्रेरकांचे चढउतार अशी कारणं नेहमी सांगितली जातात. त्यांचे पुरावे मिश्र आहेत. तरी पाळीच्या तारखेनुसार सराव आखून देणारी अॅप आणि ‘खेळाची जनुकं’ तपासून देणारे लोक बाजारात आले आहेतच. त्यांच्यावर पैसे घालवण्यापेक्षा पोरीला रोज गूळ-शेंगदाणे द्या आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी निघाल्या होत्या, आणि दमलेला स्नायू उशिरा आवळतो.

जास्त पटणारं कारण वाढीचं आहे. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, वर्षाला आठेक सेंटिमीटर. हाडं लांबली, शरीराचा तोल वर सरकला. पण मेंदूतला हिशेब गेल्या वर्षीच्या पायांचा. मुलांमध्ये वयात येताना टेस्टोस्टेरॉन स्नायूंत भर घालतो, मुलींना ती भर तेवढी मिळत नाही. म्हणजे काठी लांब झाली, धरणारा हात तोच. आणि नेमकं याच वयात आपण काय करतो? ‘मोठी झालीस आता’ म्हणून पोरीचं भिंतीवरून उड्या मारणं, झाडावर चढणं, लंगडी खेळणं बंद करतो. ज्या हजारो उड्यांनी तो आगाऊ हुकूम बसायचा, त्याच काढून घेतो. पंधराव्या वर्षी गुडघा गेला की शरीर नाजूक!

हुकूम शिकवता येतो याचा पुरावा मात्र भक्कम आहे. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या ४,५६४ फुटबॉलपटू मुलींवर एका मोसमात चाचणी झाली. निकाल २०१२ मध्ये आले. निम्म्या क्लबांनी आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटांचा वेगळा वॉर्मअप केला: एका पायावर बैठक, दोन्ही पायांची बैठक, पूल (पाठीवर झोपून कंबर उचलणं), फळी (प्लँक), लंज (एक पाय पुढे टाकून वाकणं), उडी मारून नीट उतरणं. साधनं शून्य. एसीएलच्या दुखापती त्यांच्यात सात, बाकीच्यांत चौदा. खेळाचे तास वगैरे हिशेबात घेतल्यावर धोका ६४ टक्क्यांनी कमी. ज्यांनी नेमाने केला त्यांना फायदा जास्त. आकडे नीट वाचा: वॉर्मअप न करणाऱ्यांतही मोसमात हजारातल्या सातेक मुलींनाच हे झालं. तेवढ्यासाठी पोरीला घरी बसवणं हा वेडेपणा आहे. त्याआधी नॉर्वेत १,८९२ मुलींवर ‘फिफा ११+’ या वीस मिनिटांच्या, पंधरा व्यायामांच्या वॉर्मअपची चाचणी झाली होती. एकूण दुखापती तिथे सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. पायाच्या दुखापती हा त्यांचा आधी ठरवलेला मुख्य निकष मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. हेही सांगायला हवं, नाहीतर मी आणि पत्रकवाले सारखेच.

आणखी एक, नागपूरचं म्हणून. ऑस्ट्रेलियात त्यांच्या वेगळ्या नियमांच्या फुटबॉलच्या नोंदींत दिसलं की कोरड्या, टणक मैदानांवर एसीएल जास्त तुटतात. बुटाचे स्टड जमिनीत घट्ट रुततात, पाऊल अडकतं आणि शरीर पुढे वळतं. आपली काळी माती पावसाळ्यात बूट ओढून घेते आणि मार्चनंतर दगड होते. तेव्हा लांब स्टडचे बूट सुकलेल्या मैदानावर घालू नयेत. आणि गुडघा ‘कट्’ वाजून तासाभरात सुजला तर चोळू नका, ओढून ‘बसवून’ घेऊ नका. बर्फ लावा आणि हाडांच्या डॉक्टरकडे न्या.

हे सगळं फोनवर सांगितलं तर बहीण म्हणाली, “ते ठीक आहे रे, पण क्लब कोणता?”

म्हणून गेल्या पंधरवड्यात आम्ही तिघं मैदानं बघत फिरलो. फुटबॉल या शहराला नवा नाही. कामठीत तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. २००१ मध्ये विजय बारसे सरांनी इथल्या झोपडपट्टीतल्या पोरांसाठी ‘स्लम सॉकर’ सुरू केलं, तेव्हा टर्फबिर्फ काही नव्हतं. मी करंडकांच्या कपाटाकडे बघितलंच नाही. घड्याळ लावून पहिली वीस मिनिटं बघितली.

पहिल्या क्लबात पोरींनी मैदानाला तीन चकरा मारल्या, उभ्या-उभ्या पाय ताणले आणि थेट सामना. सर मोबाइलवर. दुसऱ्या ठिकाणी पत्रकावर काहीच नव्हतं, मैदानही खडबडीत. पण एक ताई प्रत्येक मुलीला बुटाच्या खोक्यावरून उडी मारायला लावत होत्या आणि उतरताना “गुडघा बोटांच्या वर! आत नको पडू देऊ!” म्हणून ओरडत होत्या. मी त्यांना विचारलं, हे कुठे शिकलात? म्हणाल्या, “माझा गेला ना सर, डावा.” हा क्लब बहिणीच्या घरापासून चौदा किलोमीटर आहे आणि सराव सकाळी सहाचा.

तिसरा, ‘परदेशी पद्धती’वाला, घराजवळ. तिथे आम्ही पोचलो तेव्हा सामना सुरू झाला होता; भाचीचा एक बूट सापडत नव्हता. बहिणीला तोच आवडलाय. शनिवारी पुन्हा जायचं ठरलंय, आणि बूट मी शुक्रवारी रात्रीच दाराशी काढून ठेवायला सांगितले आहेत.