प्रीमियर पद्मिनी : मूळ ड्रम ब्रेक आणि डिस्क रूपांतर

प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या फियाट ११०० डी आणि तिच्यातूनच आलेल्या प्रीमियर पद्मिनीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ड्रम ब्रेक असत. जुनी पद्मिनी जपणाऱ्यांपैकी अनेकजण पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी दाबणारे) बसवतात. पण ‘ब्रेक लागत नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा ड्रमच्या रचनेमुळे नसते, देखभाल न झाल्यामुळे असते. म्हणून आधी ड्रम पूर्ण दुरुस्त करून पाहावेत.

ड्रम फिरताना पुढच्या बाजूचा शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारी अर्धगोल पट्टी) आपोआप ड्रमकडे ओढला जातो, त्यामुळे बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे यंत्र) नसतानाही पायाला फार जोर लागत नाही. मात्र घाटात सतत ब्रेक दाबल्यावर ड्रम तापून फुगतो, लायनरपासून (शूवरच्या घर्षणाच्या थरापासून) दूर जातो आणि पेडल खाली जाऊ लागते. बोरघाट उतरताना खालचा गिअर ठेवणे हाच त्यावरचा मूळ उपाय.

दुरुस्तीत व्हील सिलेंडर (चाकातला, शू ढकलणारा) आणि मास्टर सिलेंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलला दाब देणारा) यांचे रबर किट बदलावे. सिलेंडरच्या आत गंजाचे खड्डे असतील, तर नुसत्या किटने गळती थांबत नाही, सिलेंडरच बदलावा. गळक्या सिलेंडरमुळे एका चाकाचे लायनर भिजले, की गाडी सहसा दुसऱ्या बाजूला ओढते. पेडल थरथरत असेल, तर ड्रम लंबगोल झालेला असतो. तो ठरलेल्या मर्यादेत टर्न करावा (लेथवर आतून गोल कापून घ्यावा) आणि लायनरही नव्या व्यासाला घासून घ्यावेत, नाहीतर ते फक्त मध्यभागी टेकतात. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते; ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. डॉट ३ किंवा ४ ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. त्यात इंजिन ऑइल पडले तर सगळी रबरे फुगतात.

जुन्या गाड्यांचा खरा धोका एकेरी सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना एकाच मार्गाने दाब पोहोचण्याचा आहे: एक होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) फुटला की चारही ब्रेक जातात. त्यामुळे पैसे खर्चायचेच असतील, तर डिस्कआधी दुहेरी (दोन स्वतंत्र सर्किटचा) मास्टर सिलेंडर आणि नवे होज घ्यावेत. हा बदल डोळ्यांना दिसतही नाही.

डिस्क बसवताना नुसते कॅलिपर (पॅडने डिस्क दाबणारे चिमटे) अडकवून भागत नाही. डिस्क स्वतःहून ओढली जात नाही, म्हणून तिला जास्त दाब आणि बहुधा बूस्टर लागतो. ड्रमसाठीच्या मास्टर सिलेंडरमधला दाब राखणारा व्हॉल्व्ह तसाच ठेवला, तर पॅड डिस्कला चिकटून राहतात आणि चाक तापते. १४ इंची रिममध्ये कॅलिपर बसतो का, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर होज ताणला जातो का, हे गाडी जॅकवर असतानाच पाहावे. मागचे ड्रम ठेवावेत, म्हणजे हँडब्रेक शाबूत राहतो. ब्रेकच्या नळ्यांत अडकलेली हवा मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढत यावी. चाचणी मोकळ्या रस्त्यावर कमी वेगात घ्यावी. मागची चाके पुढच्यांआधी लॉक झाली तर गाडी फिरते, मागचा दाब कमी करावा लागतो.

२०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळू शकतो. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनातले बदल त्यात अडसर ठरतात. ब्रेकचा त्या यादीत स्वतंत्र उल्लेख नाही. तरी स्टब अ‍ॅक्सल (पुढचे चाक ज्यावर बसते तो भाग) न कापता, बोल्टने बसणारे रूपांतरच निवडावे आणि काढलेले ड्रम, बॅक प्लेट (शू ज्यावर बसतात ती तबकडी), शू तेल लावून जपून ठेवावेत.