बोर्नमथचा ‘मिलिटरी बँड’ : पार्श्वभूमी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथच्या बँडविषयी बोलू लागले की ‘मिलिटरी’ या शब्दापाशीच अडखळायला होते. ब्रिटिश वापरात मिलिटरी बँड म्हणजे सैन्याचा बँड असे नव्हे. क्लॅरिनेट, ओबो, बासरी ही वाद्ये, सर्व पितळी वाद्ये आणि तालवाद्ये मिळून जो ताफा होतो, त्याला हे नाव आहे. क्लॅरिनेटचा वर्ग वगळला की उरतो तो ब्रास बँड. या हिशेबाने आपल्याकडे वरातीत क्लॅरिनेटवर गाणे धरणारा ‘ब्रास बँड’ खरे तर मिलिटरी बँडच ठरेल.

हा घोळ वाढला तो 1859 नंतर. फ्रेंच आक्रमणाच्या धास्तीने गावोगावी स्वयंसेवक पलटणी उभ्या राहिल्या आणि अनेक ठिकाणी गावातला हौशी ब्रास बँडच जसाच्या तसा पलटणीत दाखल झाला. वादक दिवसा आपला धंदा करीत आणि संध्याकाळी गणवेश चढवीत; वाद्यांचा खर्च बराचसा वर्गणीतून निघे. म्हणजे गणवेश पलटणीचा, वाद्ये ब्रास बँडची आणि वादक हौशी. 1908 मध्ये या पलटणी प्रादेशिक सेनेत विलीन झाल्या.

बोर्नमथने मात्र पैसे मोजून वादक आणले. 1876 मध्ये तेथे इटालियन सैन्यातून बाहेर पडलेल्या 16 वादकांचा बँड वाजू लागला. 1893 मध्ये नगरपालिकेने 30 जणांचा मिलिटरी बँड उभारण्याचे काम लष्करी बँडमास्तरांच्या घराण्यातील, पण स्वतः सैनिक नसलेल्या एका तरुणाकडे सोपवले. त्याने तंतुवाद्येही वाजवू शकतील असे वादक मुद्दाम निवडले. उघड्यावर तंतुवाद्यांचा आवाज वाऱ्यात विरतो, त्यामुळे बाहेर बँड आणि काचेच्या सभागृहात ऑर्केस्ट्रा, अशी दुहेरी सोय झाली. पुढे हा ऑर्केस्ट्राच नावारूपाला आल्याने 1893 चा निर्णय आज त्याचाच जन्म म्हणून सांगितला जातो. ते अर्धेच खरे आहे, कारण नगरपालिकेने मागितला होता तो बँड.

हौशी मिलिटरी बँडांना खरा फटका बसला तो स्वरामुळे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने आपला मूळ स्वर, म्हणजे सगळी वाद्ये ज्याला जुळवतात तो, सेकंदाला सुमारे 452 कंपनांवरून 439 वर, म्हणजे जवळजवळ पाव स्वराने, खाली आणला. पितळी वाद्याची नळी थोडी बाहेर ओढून किंवा जास्तीचा तुकडा बसवून भागवता येते. क्लॅरिनेटचे तसे नाही. सांधे ओढून नळी लांबवली तर भोकांची परस्परांतील अंतरे बिघडतात आणि काही सूर हटकून चढे राहतात. नवा संच घेण्याची ऐपत नसलेल्या हौशी मिलिटरी बँडला सैन्याच्या वादकांबरोबर एका मंचावर बसणे अवघड झाले, तर ब्रास बँड जुन्याच चढ्या स्वरात 1960 च्या दशकापर्यंत वाजत राहिले.