टो सेपरेटर

टो सेपरेटर : पायाच्या बोटांमध्ये अडकवून ती एकमेकांपासून दूर ठेवणारे सिलिकोन, जेल, फोम किंवा रबराचे छोटे साधन. पाचही बोटे एकदम फाकवणारा जाड प्रकार टो स्ट्रेचर म्हणून, तर एकाच फटीत बसणारा पाचरीसारखा प्रकार टो स्पेसर म्हणून विकला जातो. अंगठ्याच्या मुळाशी येणारा उंचवटा (बनियन), वाकडी झालेली किंवा एकमेकांवर चढलेली बोटे आणि त्यांमुळे होणारे दुखणे हे त्याच्या वापराचे मुख्य कारण. रात्री पट्ट्याने अंगठा बाहेर ओढून धरणारे स्प्लिंट हे याच कुळातले, पण वेगळे साधन आहे.

या उंचवट्याला लोक ‘हाड वाढले’ म्हणतात. बहुतेक वेळा तेथे वेगळे हाड वाढलेले नसते. अंगठ्यामागचे तळपायातील लांब हाड (पहिले मेटाटार्सल) दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकते, अंगठा उलट बाजूला दुसऱ्या बोटावर झुकतो आणि सांध्याशी झालेल्या कोनातून त्या हाडाचे डोके बाहेर येते. त्यावर चपलेचा पट्टा किंवा बुटाची कड घासत राहिली की त्वचेखालची द्रवपिशवी सुजते, लाल होते. या व्यंगाला वैद्यकात हॅलक्स व्हॅल्गस म्हणतात. पायावर वजन टाकून काढलेल्या एक्स-रेमध्ये अंगठ्याचा कोन साधारण १५ अंशांपर्यंत आणि पहिल्या दोन लांब हाडांमधील कोन ९ अंशांपर्यंत असेल तर पाय सामान्य समजतात. अंगठ्याचा कोन ४० अंशांच्या पुढे गेला की विकृती तीव्र. हाड सरकल्यावर अंगठा हलवणाऱ्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) सांध्याच्या मध्यावरून बाजूला जातात आणि धनुष्याच्या दोरीप्रमाणे अंगठ्याला आणखी दुसऱ्या बोटाकडे ओढतात. अंगठा बाहेर घेणारा आतील कडेचा स्नायू (अ‍ॅबडक्टर हॅल्युसिस) तळव्याखाली घसरून निकामी होतो. म्हणून एकदा सुरू झालेला वाकडेपणा आपोआप मागे फिरत नाही आणि पाचरीने सरळ केलेला अंगठा पाचर काढताच पुन्हा झुकतो.

हे व्यंग कशामुळे होते यावर शंभराहून अधिक वर्षे वाद चालू आहे, आणि सेपरेटरकडून किती अपेक्षा ठेवावी हे या वादाच्या उत्तरावर अवलंबून असल्याने तो येथे जरा विस्ताराने देणे भाग आहे. हॅलक्स व्हॅल्गस या संज्ञेचे श्रेय सर्वसाधारणपणे कार्ल ह्यूटर या जर्मन शल्यविशारदाला दिले जाते. काळ १८७० च्या सुमाराचा. त्याआधी उंचवट्याकडे हाडाची किंवा द्रवपिशवीची वाढ म्हणूनच पाहिले जात होते. बुटाला दोष देण्याची परंपरा मात्र त्याहून जुनी आहे. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर यांनी १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात पायाच्या आकाराशी न जुळणाऱ्या बुटांवर टीका केली होती. १८५० च्या दशकाच्या अखेरीस झुरिकचे हेर्मान फोन मायर यांनी टाचेच्या मध्यापासून निघून अंगठ्याच्या मध्यातून जाणारी सरळ रेषा हा निरोगी पायाचा निकष मांडला. टोकदार बुटात ही रेषा मोडते.

पादत्राणवाद्यांचा सर्वांत भक्कम पुरावा अनवाणी लोकांच्या पाहणीतून आला. हाँगकाँगमध्ये लाम सिम-फूक व हॉजसन यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बूट वापरणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांत, तर अनवाणी राहणाऱ्यांपैकी अवघ्या १.९ टक्क्यात हे व्यंग आढळले. सेंट हेलेना बेटावर शाइन यांनी केलेल्या पाहणीत (१९६५) अनवाणी लोकांत ते सुमारे २ टक्के होते. ६० वर्षांहून अधिक काळ बूट घातलेल्यांत हेच प्रमाण पुरुषांत १६ आणि स्त्रियांत ४८ टक्क्यांपर्यंत गेले. जपानमध्ये गेटा (पारंपरिक लाकडी पायताणे) मागे पडून पाश्चात्त्य बूट आल्यावर हे रुग्ण वाढल्याचे कातो व वातानाबे यांनी १९८१ मध्ये नोंदवले. केंब्रिजमधील दफनभूमींतील १७७ सांगाड्यांवरच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ११ ते १३ व्या शतकांतील सांगाड्यांत ६ टक्के आणि १४-१५ व्या शतकांत २७ टक्के प्रमाण दिसले. टोकदार बुटांची चलती याच उत्तरकाळात होती.

दुसरा पक्ष आनुवंशिकतेचा. किशोरवयीन रुग्णांच्या अभ्यासात कफलिन यांना (१९९५) ७२ टक्के मुलांत आईकडून आलेला वारसा दिसला. स्पेनमधील ३५० रुग्णांच्या पाहणीत (२००७) ९० टक्के रुग्णांच्या घरात आणखी किमान एका व्यक्तीला हेच व्यंग होते. यावर पादत्राणवाद्यांचा आक्षेप असा की एका घरातली माणसे नुसता सांगाडा नव्हे, चपला-बुटांच्या सवयीही वारशाने घेतात. या आक्षेपात तथ्य असले तरी कधी टोकदार बूट न घातलेल्या लहान मुलांत दिसणारा वाकडेपणा त्याने उलगडत नाही. आज बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तेच अधिक पटणारे आहे, की सैल सांधे, पहिल्या लांब हाडाची ठेवण व हालचाल या गोष्टी जन्मतः येतात आणि अरुंद बूट तो कल व्यंगापर्यंत नेतो. सपाट तळवा हे कारण की परिणाम, यावर अजून एकमत नाही. स्त्रियांत प्रमाण अधिक असते, वयाबरोबर ते वाढते. निक्स व सहकाऱ्यांच्या २०१० मधील संकलित आढाव्यानुसार १८ ते ६५ वयोगटात ते सुमारे २३ टक्के व ६५ वर्षांपुढे सुमारे ३६ टक्के आहे.

साधनांच्या परिणामाचा पुरावा या मानाने तोकडा आहे. इराणमधील ३० स्त्रियांच्या चाचणीत (२००८) सेपरेटर जोडलेल्या इनसोलने (बुटात घालायच्या तळाने) वेदना कमी झाली, रात्रीच्या स्प्लिंटने झाली नाही. कोन मात्र दोन्ही गटांत होता तसाच राहिला. फिनलंडमध्ये २०९ रुग्णांवर झालेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बुटातील ऑर्थोसिसने (पायाला आधार देणाऱ्या साधनाने) सहा महिन्यांपर्यंत आराम दिला, वर्षअखेर शस्त्रक्रिया पुढे राहिली. दक्षिण कोरियात २०१५ मध्ये नुसते साधन वापरणारे आणि साधनासोबत बोटे फाकवण्याचा व्यायाम करणारे असे दोन गट तुलनेसाठी घेतले होते. कोनातील सुधारणा व्यायाम करणाऱ्यांत दिसली. यांतून निघणारा अर्थ सरळ आहे. सेपरेटर बोटांमधले घासणे व दाब कमी करतो, आखडलेल्या ऊतींना ताण देतो आणि दुखणे हलके करतो. हाड जागेवर आणण्याचे काम त्याचे नव्हे. वेष्टनावर छापलेल्या ‘आधी-नंतर’च्या चित्रांत ‘नंतर’चा पाय बहुधा साधन घातलेला असतो, हे घेणाऱ्याने जरूर पाहावे.

ठाणे-नवी मुंबईच्या पट्ट्यात या साधनांचा प्रसार फिजिओथेरपिस्ट, योगवर्ग आणि धावणारी मंडळी यांच्यामार्फत झाला. तलावपाळी, उपवन आणि पाम बीच रस्त्यावर पहाटे चालणाऱ्या-पळणाऱ्यांत रुंद पंजाच्या बुटांची चर्चा असते आणि ओघाने सेपरेटरची. मेडिकलच्या दुकानांत जेलच्या सुट्या पाचरी मिळतात. पाच बोटांचे स्ट्रेचर बहुतेक जण ऑनलाइन मागवतात. योगवर्गांत याला बिनखर्चाचा पर्याय पूर्वीपासून आहे. जमिनीवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताची बोटे पायाच्या बोटांच्या फटींत मुळापर्यंत गुंफायची आणि पंजा सावकाश गोल फिरवायचा. ज्यांची बोटे चिकटलेली असतात त्यांना पहिल्या दिवशी हाताच्या बोटांची टोकेसुद्धा आत घालवत नाहीत. करंगळी व तिच्या शेजारच्या बोटामधली फट सर्वांत उशिरा उघडते. पवनमुक्तासन मालिकेतील पादांगुली नमन याच्या जोडीला केले जाते. स्ट्रेचर आणण्याआधी हा प्रकार करून पाहणे शहाणपणाचे, कारण बोटे हाताने सरळ होत नसतील तर सिलिकोननेही होणार नाहीत.

पारंपरिक पायताणांचा विचार येथे अपरिहार्यपणे येतो. खडावांची खुंटी आणि कोल्हापुरी चपलेचा अंगठा (या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला) पायाचा अंगठा शेजारच्या बोटापासून वेगळा ठेवतात आणि पंजा चेमटत नाहीत. त्यावरून आपली पायताणे हे जुने सेपरेटरच होते असे म्हणण्याची अलीकडे प्रथा पडली आहे, पण ते ताणून केलेले विधान आहे. ती अंगठ्याला जागा देतात, बाहेर ढकलत नाहीत. दुसऱ्या बोटातल्या जोडव्यांविषयीही असेच दावे केले जातात. व्यवहारात बोट सुजले की जोडवे रुतते आणि जोडव्यावर सेपरेटर चढवला तर धातूची कड कातडीत घुसते. तेवढ्यापुरते जोडवे उतरवून ठेवावे.

वापराची रीत सोपी आहे. सुरुवात बसून, ५ ते १० मिनिटे. मग रोज थोडे वाढवत अर्ध्या तासापर्यंत. सौम्य ताण अपेक्षित आहे, मुंग्या, बधिरता किंवा बोट पांढरे-निळे पडणे नाही. जाड स्ट्रेचर घालून चालू नये. पातळ स्पेसर बुटात घालायचा असेल तर आधी बूट तपासावा : कागदावर उभे राहून पायाचा बाह्यरेखा-ठसा काढावा आणि बुटातला इनसोल बाहेर काढून त्यावर ठेवावा. इनसोल ठशाहून अरुंद असेल तर त्या बुटात स्पेसर घातल्याने बोटे मोकळी होण्याऐवजी उलट बाजूने करकचून दाबली जातात. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील कामगारांच्या सेफ्टी शूजना पुढे पोलादी टोपी असते. ती तसूभरही सैलावत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी स्पेसरपेक्षा एक माप रुंद बूट हाच खरा उपाय. लोकलमध्ये तासभर उभ्याने जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

पावसाळ्यात वेगळी अडचण येते. ओल्या बुटांत दिवस काढल्यावर बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलते. अशा बेचकीत सिलिकोन बसवले तर ओल अडकून जखम चिघळते. चिखल्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत सेपरेटर बंद ठेवावा. एरवीही तो रोज साबणाने धुवून, पाय पुसून कोरडे केल्यावरच घालावा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेलेल्यांनी किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी तो स्वतःहून वापरू नये. दाबाने पडलेली जखम त्यांना कळत नाही.

इतर बोटांच्या वाकडेपणात मधल्या सांध्यात वाकलेले हातोडी बोट (हॅमर टो), पंजासारखी वळलेली बोटे (क्लॉ टो) व टोकाशी वाकलेले मॅलेट टो येतात. वाकलेल्या सांध्यावर बुटाचे छत घासून कुरूप (कातडीची टणक गाठ) होते. बोट हाताने सरळ होत असेल तोवर ताणण्याचा व पाचरीचा उपयोग होतो. सांधा ताठरल्यावर नाही. पंजासारखी बोटे मधुमेहात किंवा कुष्ठरोगात नस बाधित झाल्यानेही वळतात, तेव्हा आधी नसेचा इलाज. उंचवटा रात्रीत लालबुंद होऊन ठणकू लागला तर तो गाउट (युरिक आम्लामुळे होणारी सांधेसूज) असण्याची शक्यता असते.

रोजच्या चालण्यात दुखणे थांबत नसेल, रुंद बूट व इतर उपाय करून झाले असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. केवळ दिसण्यासाठी ती सहसा सुचवली जात नाही. नुसता उंचवटा तासून भागत नाही. लांब हाड कापून जागेवर आणतात किंवा, लॅपिडस यांच्या पद्धतीत, त्याच्या मुळाशी असलेला सांधा जोडून टाकतात. त्यानंतर साधारण सहा आठवडे खास बूट घालावा लागतो, सूज उतरायला काही महिने लागतात, आणि या काळात अंगठा दिशेवर ठेवण्यासाठी मऊ स्पेसर पुन्हा वापरात येतो, या वेळी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापाचा व मुदतीचा.