पाच ‘योग्य’ आणि गुडघ्यावरचा हातोडा

एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाच्या) मुलींच्या हाती औषधाचा ट्रे देण्याआधी त्यांच्याकडून एक यादी घोकून घेतली जाते: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग (तोंडाने की सुईने), योग्य वेळ. पुढे त्याला योग्य नोंद, योग्य कारण, औषध नाकारण्याचा रुग्णाचा हक्क अशी शेपटं जोडली गेली. जळगाव असो की नंदुरबार, तोंडी परीक्षेला हा प्रश्न ठरलेला असतो आणि मुली एका दमात उत्तर सांगून टाकतात. ही यादी कुठल्या जगात तयार झाली, हे मात्र त्यांना फारसं कोणी सांगत नाही.

ती मोठ्या रुग्णालयांच्या वॉर्डातली आहे. तिथे डॉक्टर लिहितो, फार्मासिस्ट काढून देतो आणि शेवटचा हात नर्सचा असतो. आधीच्या दोघांची चूक पकडायची तर ती याच हाताने पकडायची, एवढा साधा हिशेब तिच्यामागे आहे. या हिशेबात नर्सच्या मागे कायम कोणीतरी उभं आहे. आपल्या उपकेंद्रात तिच्या मागे औषधांचं कपाट असतं, आणि फार तर आशाताई.

पहिलंच ‘योग्य’ घ्या. मी शिकत होते तेव्हा एका स्त्री वॉर्डात एकाच वेळी तीन पाटीलबाई होत्या, त्यातल्या दोघी सुमनबाई. ‘सुमनबाई पाटील ना?’ म्हटलं की दोघी मान हलवायच्या. एकीची रक्तदाबाची गोळी दुसरीला गेली. चक्कर येण्यावर निभावलं. सातपुड्याकडे पाडवी, वळवी, वसावे, पावरा यांचंही तेच. म्हणून नाव आपण सांगायचं नाही, तिच्या तोंडून घ्यायचं. ‘तुमनं नाव काय शे?’ असं अहिराणीत विचारलं तर बाई पूर्ण नाव सांगते, वर गावही सांगते. मग केसपेपर बघायचा.

औषधाची खात्री करायची तर लेबल वाचायचं: बाटली उचलताना, औषध काढताना आणि ठेवताना. हे किती पोरकट वाटतं! पण २०२१ च्या पोलिओ मोहिमेत यवतमाळ जिल्ह्यात १२ मुलांना डोसाऐवजी सॅनिटायझरचे थेंब पाजले गेले.

मात्रेचा गोंधळ इन्सुलिनमध्ये सर्वांत जास्त. १९२२ साली ते पहिल्यांदा माणसाला टोचलं गेलं, तेव्हापासून त्याच्या ताकदी बदलत आल्या. आपल्याकडे आजही वायलमध्ये, म्हणजे बाटलीत, साधारणतः मिलीला ४० युनिट असतात आणि पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००. पेन बिघडलं म्हणून कोणी कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ४० च्या खुणांच्या, लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ओढलं, तर ‘दहा युनिट’ म्हणून पंचवीस जातात.

आता मुख्य गोष्ट. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा मांडणाऱ्या १९४६ च्या भोर समितीनंतर आणि १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्यानंतर आपल्याकडे नर्सिंगच्या शिक्षणाची घडी बसत गेली. एएनएमकडे मुख्यतः बाळंतपण आणि माता-बालसंगोपन होतं. १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरवलं आणि तिच्या पिशवीत मलेरियापासून कुटुंबनियोजनापर्यंत सगळं आलं. सपाटीवर पाच हजार, आदिवासी-डोंगरी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, असा निकष. जबाबदारी वाढत गेली, पण जीव वाचवणारी काही इंजेक्शनं स्वतःच्या निर्णयाने देण्याची मोकळीक तिला या शतकात, कुशल प्रसूती सेवेच्या मार्गदर्शक सूचनांमधून मिळाली.

त्यातलं एक मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. गरोदरपणात रक्तदाब चढून झटके आले तर काय द्यावं, यावर अनेक दशकं वाद होता. डायझेपाम आणि फेनिटॉइनचेही पाठीराखे होते. १९९५ मध्ये भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ स्त्रियांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले आणि मॅगसल्फ दोन्हींपेक्षा सरस ठरलं. धडगाव-मोलगीच्या पाड्यावरून बाईला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं, पुढे घाट उतरायचा. तेवढा वेळ झटके थांबत नाहीत. म्हणून पहिली मात्रा तिथेच द्यायची: १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात ५, स्नायूत खोल. ५० टक्क्यांच्या एका अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, २ मिली, म्हणजे १ ग्रॅम. म्हणजे दहा अँप्युल फोडायच्या. पहिल्यांदा ऐकणारी मुलगी हमखास विचारते, ‘मॅडम, दहा?’ मला हा प्रश्न आवडतो. ज्या हाताला शंका येत नाही, त्याची मला जास्त भीती वाटते.

हेच औषध जास्त झालं तर श्वास बंद पाडतं. पण त्याआधी गुडघ्याची उडी जाते, आणि हा क्रम आपल्या फार कामाचा आहे, कारण तो बघायला प्रयोगशाळा लागत नाही. पुढची मात्रा देण्यापूर्वी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडा मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान १६ आहे का, लघवी तासाला ३० मिली तरी होते का. हातोडा नसेल तर तळहाताची कड चालते. उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची अँप्युल जवळ ठेवायची. त्या पाच ‘योग्य’मध्ये या तपासणीचा उल्लेखच नाही; ती यादी सुई बाहेर निघाली की संपते.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधांमुळे होणारी गंभीर, टाळता येणारी हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली. रुग्ण एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो तेव्हाची सांधेजोड हा तिच्यातला एक मुख्य मुद्दा. आपल्या भाषेत, रेफरची चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर ‘इंजेक्शन दिले’ एवढंच असेल, तर सिव्हिलची सिस्टर काय समजणार? ती पुन्हा पहिल्यापासून पूर्ण मात्रा भरते. म्हणून वर्गात मी मुलींना घड्याळ बघून लिहायला लावते: मॅगसल्फ १० ग्रॅम, दोन्ही बाजूंना, रात्री २ वाजून १० मिनिटे, गुडघा उडतो, श्वास १८.