ऑनलाइन लिलावातला दागिना: टॅग तोडायच्या आधी आमच्याकडे आणा

मोबाइलवर फोटो दाखवून "एवढ्या स्वस्तात मिळतंय, घेऊ का?" असं विचारणारे ग्राहक आमच्या सराफी पेढीवर रोज येतात. घेऊन फसल्यावर येणारे त्याहून जास्त. हे पत्रक दोघांसाठी आहे.

आधी भावाचं बोलू. ज्याच्याकडे खरं सोनं आहे, त्याला ते विकायला लिलाव लागत नाही. बिल घेऊन सराफ बाजारात आला की त्याच दिवशी चालू भावाने मोड मिळते. मग तोच माणूस पाटल्यांचा जोड अनोळखी गिऱ्हाइकाला निम्म्या पैशात का देईल? "आजीच्या पेटीतलं आहे", "परदेशी चाललोय, घाई आहे" हे कितीही खरं वाटलं, तरी आधी वजनाला आजच्या भावाने गुणा. बोली त्या रकमेच्या फार खाली सुटत असेल, तर हात आखडता घ्या.

वर्णनातली अक्षरंही नीट वाचा. '१८के जीपी' किंवा 'जीई' म्हणजे नुसता मुलामा. 'जीएफ' म्हणजे वर सोन्याचा पातळ पत्रा, आत दुसराच धातू. जर्मन सिल्व्हरमध्ये तर चांदी अजिबात नसते. तांबं, निकेल आणि जस्त असतं.

बँकेच्या तारण सोन्याचा लिलाव असल्याचे मेसेजही फिरतात. खऱ्या लिलावाची वर्तमानपत्रात जाहिरात येते, राखीव किंमत ठरलेली असते, आणि कुणाच्या खासगी यूपीआयवर टोकन मागत नाहीत.

आता मूळ दुखणं. गेल्या लग्नसराईत एक ताई ३० ग्रॅमची एक, अशा दोन पाटल्या घेऊन आल्या. एका साइटवर लिलावात घेतलेल्या. भिंगाखाली बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ म्हणजे २२ कॅरेटची खूण, आणि एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, हॉलमार्कच्या तिन्ही खुणा जागच्या जागी. ताईंचा चेहरा खुलला. मी तो क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला. नोंद निघाली, पण अंगठीची. दुसऱ्याच कुणाच्या अंगठीचा खरा क्रमांक उचलून पाटलीवर कोरला होता. मग पाटली दोऱ्याला बांधून पाण्यात तोलली. पाण्यात वजन जितकं जास्त घटतं, तितका धातू हलका. ३० ग्रॅमच्या भरीव २२ कॅरेट पाटलीची पाण्यात घट पावणेदोन ग्रॅमच्या आसपास येते. हिची साडेतीन आली. म्हणजे पितळ.

परत करायची मुदत ७ दिवसांची होती. ताई बाराव्या दिवशी आल्या. मधे एका लग्नात पाटल्या घालून झाल्या होत्या, टॅग कापला होता, खोका कचऱ्यात गेला होता. विकणाऱ्याने हात वर केले आणि आम्हालाही काही करता आलं नाही. याच एका चुकीने लोकांचे पैसे जातात. खोटा दागिना पहिल्या दिवशी ओळखला, तर बऱ्याचदा परत करता येतो.

म्हणून पार्सल उघडताना, लेबलपासून दागिना बाहेर येईपर्यंत, सलग व्हिडिओ काढा. टॅग, खोका, बिल तसंच ठेवा. पॉलिश करू नका, माप कमी-जास्त करू नका, आणि दागिना आवडला तरी अंगावर घालू नका. दोन दिवसांत आमच्याकडे आणा. पैसे साइटच्या बाहेरून दिले असतील आणि फसवणूक दिसली, तर आमच्याकडे यायच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. तिथे जितका उशीर, तितकी रक्कम पुढे सरकते.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून "खरं आहे का?" विचारू नका. फोटोवरून कस लागत नाही, आणि अंदाजाने हो म्हणणं आम्हाला पटत नाही.

काही जण म्हणतात, "मशीनवर पाच मिनिटांत होतं, मग तासभर का बसवता? आणि पैसे कशाचे?" कॅरेटचं मशीन वरचा थरच वाचतं. मुलामा जाड असेल तर पितळेलाही चांगला आकडा दाखवतं. म्हणून आम्ही आधी भिंग, ॲप आणि पाण्यातलं वजन घेतो. पोकळ, लाख भरलेल्या किंवा खड्यांच्या दागिन्याला पाण्याचं वजन चालत नाही. तिथे आतल्या कडेला कानस लावून कसोटीवर घासावं लागतं. कानस लागली की दागिना परत करता येत नाही, म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय आम्ही ती उचलत नाही. तपासणीची फी कारागिराच्या वेळेची आहे. आमच्याकडून घेतलेल्या दागिन्याला ती कधीच लागत नाही.

जुन्या घडणीची ठुशी, बोरमाळ, मोहनमाळ लिलावात शोधणारे बरेच असतात. हे सगळं आम्ही ऑर्डरप्रमाणे घडवतो. बिलावर निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचा खर्च वेगळा लिहिलेला असतो. घडणावळ आधी ठरते. एचयूआयडी तुम्ही काउंटरवरच तुमच्या फोनवर तपासायचा, दागिना पिशवीत जायच्या आधी.

तपासणी सकाळी ११ ते १, कारण दुपारनंतर कारागीर ऑर्डरच्या कामाला बसतात. पावसाळ्यात गोदावरीचं पाणी बाजारात शिरलं की शटर खाली असतं. त्या दिवसांत फोन करून निघा.